मोठ्या डंजनची मजा परतीच्या वाटेत असते

राजारामपुरीत राहणाऱ्या, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षातल्या एका मुलानं विचारलंय: "दादा, 1980-90 च्या रोल-प्लेइंग गेममधली ती अवाढव्य डंजनं, म्हणजे जमिनीखालचे ते भुलभुलैये, लोकांना एवढी का आवडतात? मी दोन-तीन चालू करून बघितली. सगळीकडे त्याच भिंती, तेच बोळ, मॅप नाही, आणि चार पावलं गेलं की मारामारी. आम्ही मित्रमित्र एक गेम करतोय. त्यात मोठं डंजन ठेवावं का?"

मी बरीच वर्षं गेमच्या लेव्हल आखतोय, कोल्हापुरात बसूनच, आणि त्याच्याही आधीपासून ही डंजनं खेळतोय. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. थोडक्यात सांगायचं तर मोठ्या डंजनची सगळी मजा परतीच्या वाटेवर उभी असते. आता बाहेर कसं पडायचं, हा विचार ज्या गेममध्ये पावलागणिक डोक्यात राहतो, तो गेम माणसाला धरून ठेवतो. परत येणं फुकट झालं, की कितीही मोठं डंजन केलंत तरी ती नुसती खोल्यांची माळ होते.

1981 च्या 'विझार्ड्री'पासून सुरुवात करू. अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या दोघांनी ॲपल टू या मशीनसाठी केलेला हा गेम. एक डंजन, त्याच्या दहा लेव्हल, म्हणजे एकाखाली एक मजले, प्रत्येक लेव्हल 20 बाय 20 चौकटींची. वर एक गाव, तिथं सहा जणांची पार्टी, म्हणजे आपल्या पात्रांची टोळी, जमवायची आणि खाली उतरायचं. पडद्यावर दिसतात त्या फक्त रेघा: डावीकडे भिंत, उजवीकडे भिंत, समोर दार. दिशा दाखवणारा काटा नाही, मॅप नाही. पार्टीतलं कुणी मेलं की ते तेव्हाच डिस्कवर नोंदलं जायचं, मागचं सेव्ह उघडून ते पुसता येत नव्हतं. सहाच्या सहा जण गेले, तर त्यांची प्रेतं जिथं पडली तिथंच पडून राहायची. ती आणायची असतील तर गावात नवी पार्टी उभी करून तिला तितक्या खोल पाठवायचं.

आता तू म्हणतोस तसं त्या बोळातून चालून बघ. पण या वेळी शाळेतली चौकटीची वही आणि पेन्सिल शेजारी ठेव. जिना पहिल्या लेव्हलच्या नैऋत्य कोपऱ्यात आहे, म्हणून पानाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातून सुरुवात कर. एक पाऊल म्हणजे एक चौकट. भिंत असेल तिथं चौकटीच्या कडेवर जाड रेघ, दार असेल तिथं रेघेवर छोटी आडवी खूण, उघडून न बघितलेल्या दाराशी प्रश्नचिन्ह. बराच वेळ सगळं सुरळीत चालतं. मग एका वळणावर वहीप्रमाणे समोर भिंत असायला हवी आणि पडद्यावर मात्र लांबच लांब मोकळा बोळ दिसतो.

इथं खरा खेळ सुरू होतो. तीन शक्यता आहेत. तू उभा आहेस ती चौकट पार्टीला गुपचूप फिरवणारी असेल, म्हणजे तुला वाटतं तोंड उत्तरेला आहे आणि प्रत्यक्षात आहे पूर्वेला. किंवा मघाशी कुठल्या तरी चौकटीनं तुला उचलून दुसरीकडे टाकलं आणि कळू दिलं नाही. किंवा तूच चार चौकटींमागे मोजण्यात चुकलास. विझार्ड्रीत जादूगाराला पहिल्याच पायरीवर 'डुमापिक' नावाचा मंत्र मिळतो. तो सांगतो, गावाकडे जाणाऱ्या जिन्यापासून तू किती पूर्वेला, किती उत्तरेला, किती खाली आहेस आणि तुझं तोंड कुठं आहे. जागा जुळली आणि दिशा चुकली, तर फिरवणारी चौकट. जागाच वेगळी निघाली, तर उचलून टाकणारी. दोन्ही जुळलं, तर खोडरबर काढायचं. पण हे मंत्र मोजके असतात आणि गावात जाऊन विश्रांती घेतल्याशिवाय परत भरत नाहीत. म्हणजे 'मी कुठं आहे' हे विचारायलाही किंमत मोजावी लागते. शिवाय काही भाग गडद अंधाराचे असतात. तिथं उजेडाचा मंत्र विझतो आणि भिंतीवर आपटत आपटत, प्रत्येक आपटीची नोंद करत पुढं सरकावं लागतं.

हे सगळं चालू असताना मनात एक हिशोब अखंड चालतो. उपचाराचे मंत्र किती उरलेत, जिना किती चौकटी लांब आहे, वाटेत किती वेळा गाठ पडेल. समोर न उघडलेलं एक दार आहे. उघडावं का फिरावं? मोठं डंजन हा प्रश्न तुला शेकडो वेळा विचारतं आणि दर वेळी तो थोडा वेगळा असतो. छोट्या डंजनमध्ये हा प्रश्न निर्माणच होत नाही, कारण जिना नेहमीच जवळ असतो. आकाराचा उपयोग हा एवढाच, पण तो फार मोठा आहे.

विझार्ड्रीबद्दल आणखी एक गोष्ट बघ. त्यात लिफ्ट आहेत. पहिली लिफ्ट पहिल्या लेव्हलपासून चौथीपर्यंत जाते. चौथ्या लेव्हलवर एक निळी फीत मिळते, ती असली की दुसरी लिफ्ट चौथीपासून नववीपर्यंत नेते. म्हणजे पाचवी ते आठवी या चार लेव्हल गेम संपवायला लागतच नाहीत. दहापैकी चार! आजच्या बैठकीत कुणी असा आराखडा मांडला, तर पैसे वाया चाललेत म्हणून तो पहिल्या फटक्यात कापला जाईल. पण ज्यांनी त्या चार लेव्हल चालून वहीत उतरवल्या, त्यांच्यासाठी ते डंजन खरोखर एक जागा झालं. गेमनं सांगितलं म्हणून ते तिथं गेले नव्हते. जाता येत होतं, म्हणून गेले. आपल्या पायाखाली काय आहे ते आपल्याला माहीत असावं, ही ओढ माणसात असतेच, आणि मोठं डंजन तिला वाव देतं.

तुझी तक्रार आहे की सगळ्या भिंती सारख्याच. त्या सारख्या आहेत खऱ्या. पण त्यामुळेच जागेचं खरं चित्र पडद्यावर न उमटता तुझ्या वहीत आणि डोक्यात उमटतं. मंगळवार पेठेत वाढलेल्या माणसाला कुठला बोळ कुठं निघतो हे विचारून बघ. तो डोळे न उघडता सांगेल, आणि पाटी वाचून शिकल्याचं त्याला आठवणारही नाही. जुन्या डंजनमध्ये तिसऱ्या-चौथ्या खेपेला तसंच होतं. पहिल्या खेपेला जिथं दबकत गेलो, तिथून आता सरळ चाललोय, हे अचानक जाणवतं. पात्रांची ताकद वाढलेली असतेच, पण ही वाढ पात्राची नाही, तुझी आहे. गेम पुसून पुन्हा सुरू केलास तरी ती राहते.

ही ओढ संगणकाच्या आधीपासूनची आहे. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून कागद-फाशांनी खेळायचा खेळ आला. त्या सुरुवातीच्या खेळात सोनं सापडून भागत नव्हतं. ते सुखरूप बाहेर आणलं की अनुभवाचे गुण मिळायचे, एका सुवर्णनाण्याला एक गुण. मशाल ठराविक वेळच टिकायची. सगळी गणितं परतीभोवती बांधलेली. आणि संगणकावरच्या पहिल्या प्रसिद्ध गुहेचा, 'कोलोसल केव्ह'चा, कर्ता विल क्राउदर तर स्वतः गुहांमध्ये उतरून मोजमाप करणारा माणूस. अमेरिकेतल्या केंटकीमधल्या मॅमथ केव्हचा एक भाग त्यानं 1970 च्या दशकाच्या मध्यात शब्दांत उभा केला. त्या गेममध्ये अगदी सारख्या वर्णनाच्या खोल्यांचा एक भुलभुलैया आहे. त्यातून सुटायचं तर प्रत्येक खोलीत जवळची एकेक वस्तू टाकत जायचं आणि कुठल्या दारानं गेल्यावर कुठली वस्तू पुन्हा दिसते ते मांडायचं.

1987 चा 'डंजन मास्टर' मला यातला सर्वांत हुशार गेम वाटतो. एफटीएल गेम्सनं तो अटारी एसटी या संगणकासाठी केला. इथं वेळ थांबत नाही. तू विचार करत उभा राहिलास तरी मशाल जळते, भूक लागते, पाणी संपतं. अन्न खालीच शोधायचं. ओरडणारी अळंबी मारून तिचेच तुकडे खायचे, ही त्या खेळाची रोजची भाकरी. भिंतीपलीकडून काहीतरी सरकल्याचा आवाज येतो आणि ते कुठल्या बाजूला आहे याचा अंदाज घ्यावा लागतो.

पण त्यातली मंत्रांची रचना नीट बघ, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यात आहे. मंत्र म्हणजे काही खुणा ओळीनं दाबायच्या. आधी ताकदीची खूण, मग मंत्राच्या खुणा. 'फुल' दाबलं की उजेड होतो. 'फुल' आणि 'इर' एकापाठोपाठ दाबलं की आगीचा गोळा सुटतो. हे जोड कुठं लिहिलेले असतात? आत सापडणाऱ्या गुंडाळ्यांवर. पण गुंडाळी जवळ असणं गरजेचं नाही. जोड तुला पाठ असेल, तर पात्राच्या अंगात शक्ती असेपर्यंत कधीही वापर. म्हणजे इथंही कमाई खेळणाऱ्याच्या डोक्यात साठते. मॅपचं जे, तेच मंत्रांचं.

मग 1992 साली 'अल्टिमा अंडरवर्ल्ड' आला आणि चौकटी गेल्या. वर बघता येतं, खाली बघता येतं, पोहता येतं, उतरणीवरून चालता येतं. पॉल न्यूरथ आणि डग चर्च यांच्या टीमचं हे काम. आठ लेव्हल, आणि त्यात राहणारे लोक. पहिल्याच लेव्हलवर हिरव्या आणि करड्या गॉब्लिनांच्या दोन टोळ्या एकमेकींवर खार खाऊन आहेत, आणि दोघींशीही बोलता येतं. खाली बुटक्यांची वस्ती आहे, सरड्यासारखे लोक आहेत ज्यांची भाषा थोडीफार शिकावी लागते, सरदारांचा एक संघ आहे. कॅबिरस नावाच्या माणसानं या सगळ्यांना एकत्र नांदवण्यासाठी वसवलेली वसाहत त्याच्या मागे मोडली. तिच्या उरल्यासुरल्या भागांतून तू चालतोयस. त्यामुळे इथं कुठलीही खोली 'उगाच' वाटत नाही.

मॅप इथं गेमच काढतो, पण त्यावर तुला हवं ते लिहिता येतं. 'हे दार किल्लीचं', 'हा माणूस मासे मागतो', 'इथं येऊ नको'. ही छोटी सोय मला फार मोलाची वाटते. वहीची कटकट गेली आणि वहीतला जिव्हाळा तेवढा राहिला. आणि एक चांदीचं बी मिळतं. ते मातीत पेरलं की झाड उगवतं, आणि तू मेलास तर त्या झाडाजवळ पुन्हा उठतोस. पुढच्या लेव्हलवर गेलास की प्रश्न पडतो, झाड इथं लावावं का अजून खाली? परतीचा तोच प्रश्न, पण किती देखण्या रूपात मांडलाय.

मोठं म्हणजे चांगलंच, असं मात्र मी म्हणणार नाही. 1996 चा 'डॅगरफॉल' घे. त्यातली डंजनं तयार तुकडे आपोआप जोडून बनवलेली. एकेक इतकं मोठं आणि इतकं गुंतागुंतीचं की त्रिमितीतला मॅप उघडला तर गुंता झालेल्या लोकरीकडे बघत बसावं लागतं. तुला जी वस्तू आणायची ती त्यात कुठंही असू शकते. तिथं हरवण्याची भीती अगदी खरी आहे, ते नाकारून चालणार नाही. पण जागा ओळखीची होत नाही, कारण एका दालनाचा पुढच्या दालनाशी काहीच संबंध नसतो. तुकडे पुढच्या डंजनमध्ये पुन्हा भेटतात. परत येण्यासाठी खूण करून ठेवलेल्या जागी नेणारा मंत्र असतो, आणि तो मिळाला की सगळे तोच वापरतात. पुढं चाहत्यांनी हा गेम 'डॅगरफॉल युनिटी' म्हणून नव्यानं बांधला, तेव्हा त्यात डंजनं लहान करण्याचा पर्याय दिला. तो गेम जिवापाड आवडणाऱ्यांनाच तो द्यावासा वाटला. 'डायब्लो'च्या सोळा लेव्हलही दर वेळी नव्यानं बनतात, आणि एक कागद वाचला की गावाचं दार उघडतं. पण त्या खेळाला जागेची ओळख नकोच आहे, त्याला मारामारीची लय हवी आहे. ती त्यानं साधली, त्यामुळे माझी तक्रार नाही.

आता तुमच्या गेमकडे येतो. संगणक उघडायच्या आधी एक काम करा: सगळे मिळून पन्हाळ्याला जा. बाकीचं फिरणं नंतर. आधी तीन दरवाजाजवळची अंधारबाव. आदिलशाही काळातलं हे बांधकाम. गडाला वेढा पडला की पाण्यात विष कालवण्याचा धोका असायचा, म्हणून विहीर उघड्यावर न ठेवता तीन मजली इमारतीच्या पोटात लपवली. पायऱ्या वळत वळत खाली जातात. पहारेकऱ्यांसाठी कोनाडे आहेत, तटाबाहेर निघणाऱ्या चोरवाटा आहेत. उन्हातून आत शिरलं की सुरुवातीला काही दिसत नाही. जरा थांब. डोळे सरावल्यावर आधी कडेचा उजेड दिसतो, मग कमान, मग खालची पायरी. हा क्रम वहीत लिहून घे. कुठं उभं राहिल्यावर पुढचं काय दिसलं, कुठं काय दडून राहिलं, खालून वर येताना वळण ओळखीचं वाटलं का. ज्यानं हे बांधलं त्याला खेळ रचायचा नव्हता. त्याला पाणी राखायचं होतं, माणूस उभा करायचा होता आणि वेळ पडली तर बाहेर निसटायचं होतं. त्या तीन कामांमुळे प्रत्येक भिंत जिथं आहे तिथं का आहे, ते सांगता येतं. तुमच्या डंजनमधल्या प्रत्येक दालनाला असं एखादं काम असू दे. इथं कुणी काय साठवायचं, कोण झोपायचं, कुणापासून काय लपवायचं.

आराखडा काढताना दुसरी गोष्ट म्हणजे फेरे. जेनेल जॅक्विस यांचं नाव लक्षात ठेव. 1979 च्या 'कॅव्हर्न्स ऑफ थ्रेशिया' या कागदावरच्या डंजनमध्ये त्यांनी जे केलं, ते लेव्हल आखणारे आजही अभ्यासतात. आत शिरायला एकाहून जास्त वाटा, लेव्हलना जोडणारे अनेक जिने, काही लपलेले, आणि एका टोकाला गेलं की वळसा घालून ओळखीच्या दालनात बाहेर पडणं. झाडाच्या फांद्यांसारखं पसरलेलं, प्रत्येक वाटेचं टोक बंद असलेलं डंजन खेळणाऱ्याला आल्या वाटेनंच परत पाठवतं, आणि तो रिकामा बोळ दुसऱ्यांदा चालणं हा निव्वळ कंटाळा. फेरा असला की परतीच्या दोन वाटा होतात, एक लांबची पण माहितीची आणि एक जवळची पण अनोळखी. तिथं निवड आली, आणि निवड आली की मजा आली. मला विचारशील तर सगळ्यात सुंदर क्षण हा: खूप खाली गेल्यावर, जवळचं सगळं संपत आल्यावर, एक गंजलेला दरवाजा दुसऱ्या बाजूनं उघडतो आणि आपण पहिल्याच दालनात उभे असतो.

मोठं ठेवावं का, हे विचारलं आहेस म्हणून आकाराचं सांगतो. पहिल्या गेमला तीन लेव्हल पुरे. प्रत्येक 12 बाय 12 चौकटींच्या आसपास, किंवा चौकटी नको असतील तर तेवढ्याच आवाक्यातली. त्यात दोन मोठे फेरे, एक उशिरा उघडणारी जवळची वाट, आणि खेळ संपवायला न लागणारा एक अख्खा कोपरा. परत येणं महाग ठेवा, पण जाच होईल इतकं नको. विझार्ड्रीसारखं सगळं काही बुडवणं आजच्या खेळणाऱ्यावर लादू नका. मॅप द्या, पण त्यावर लिहू द्या. 2012 च्या 'लेजंड ऑफ ग्रिमरॉक'नं ऑटोमॅप, म्हणजे आपोआप निघणारा मॅप, बंद करून खेळायची सोय दिली होती. हौशी लोकांसाठी तीही ठेवा. मारामारी कमी करा. चार पावलांना एक ही तुझी तक्रार अगदी रास्त आहे. जुन्या गेममध्ये ती तशी होती, कारण परतीचा खर्च वसूल करायला त्यांच्याकडे दुसरं साधन फारसं नव्हतं. तुमच्याकडे उजेड आहे, आवाज आहे, तहान आहे.

आणि खेळून बघायचं असेल तर 'अंडरवर्ल्ड'च्या पहिल्या तीन लेव्हल आधी खेळ. जमलं तर मग मूळ 'विझार्ड्री'. डिजिटल एक्लिप्सनं 2024 साली ती नव्या रूपात आणली आहे. तिच्यात मूळ ॲपल टूवरचा पडदाही कोपऱ्यात दिसत राहतो, म्हणजे आतलं जुनं यंत्र कसं चालतंय ते तुला सरळ बघता येईल. वही घेऊनच बस.

तुमचं पहिलं डंजन चालायला लागलं, की ते टीमबाहेरच्या चार-पाच जणांना खेळायला द्या. खेळताना काही विचारू नका. दोन दिवसांनी त्यांना कोरा कागद द्या आणि आठवेल तेवढा मॅप काढायला सांगा. रेघा वाकड्यातिकड्या आल्या तरी चालेल. कुठली दालनं सगळ्यांच्या कागदावर आली, कुठली कुणाच्याच आली नाहीत, आणि बाहेर पडायची वाट कुणी कशी दाखवली, एवढं बघा. कुणालाच न आठवलेली दालनं आधी काढून टाका आणि मग उरलेल्यांमधले जिने नव्यानं जोडा.